लसणाच्या श्वासावर बसलेलं सोनं

सांगून ठेवतो, ह्या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. गेल्या साली गेंटच्या एका पाद्र्याला सांगितली, तर तो भरला पेला तसाच ठेवून उठून गेला. पेला मी संपवला, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

बाकावर माझ्या दोन्ही अंगांना जागा मोकळी आहे, ती तशीच राहू द्या. ह्या गुत्त्यात लोक माझ्या अगदी शेजारी बसत नाहीत, जरा अंतर राखून बसतात. वयाचा मान असतो. पाऊवेल्स, तू पोथ्या बांधतोस, दिवसभर सरसाच्या भांड्यावर वाकलेला असतोस, तू हवा तर जवळ ये. नको? बरं, तिथूनही ऐकू येईल.

आगटीपाशी चाती फिरवत सूत काढत बसली आहे ती बार्बे. गोष्ट तिचीच आहे, म्हणजे तिची आणि तिच्या नवऱ्याची. लीव्हन त्याचं नाव. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिला साक्षीला बोलावू नका. गेल्या हिवाळ्यापासून तिला ऐकू येत नाही. मी रोज आत आल्यावर तिला हाक मारतो, ती मान वर करत नाही. म्हातारपण कुणाला सुटलंय.

तर मी तेव्हा गेरार्ट मास्तरांच्या कारखान्यात रंग वाटायचो. ब्रुजमध्ये तेव्हा प्रार्थनेच्या पोथ्या जितक्या व्हायच्या तितके पाव भाजले जात नव्हते. मजकूर लिहिणारे आपापल्या घरी लिहायचे आणि पानं आमच्याकडे यायची ती मधे मधे रिकामी. इथे मोठं अक्षर, इथे चित्र, कडेने वेलबुट्टी, सगळ्याला जागा सोडलेली. वेलबुट्टी बार्बेकडे. स्ट्रॉबेरी, वाटाण्याच्या शेंगा, निळी फुलं, आणि त्यांच्यात कुठेतरी गोगलगायीशी भाला घेऊन लढणारा सरदार. हा सरदार सगळेच काढतात. बार्बेचा तेवढा नेहमी हरत असायचा.

तिच्या शेजारी, खिडकीच्या दुसऱ्या अंगाला लीव्हन. तो सोनं लावायचा. दोघांच्या मधे, हातभर मागे, मी माझ्या दगडाशी. म्हणजे जे झालं ते सगळं माझ्या नाकासमोर झालं.

सोन्याचा वर्ख कसा बसतो हे तुम्हाला काय सांगायचं, पण हा गुत्तेवाल्या मायकेनचा जावई धंद्यात नवा आहे, त्याच्यासाठी सांगतो. आधी पांढरा लेप. खडू, सफेदा, माशाचा सरस, चवीला म्हणावा इतका मध. तो वाळला की बोरूची पोकळ नळी ओठांत धरायची आणि लेपावर श्वास सोडायचा. फुंकर नाही, श्वास. पोटातून, हळू, थंडीत हाताला ऊब देतो तसा. लेपाला तेवढ्यापुरती ओल सुटते, आणि ती सुटली की वर्ख ठेवायचा. मग कुत्र्याच्या सुळ्याने घोटायचा. धुक्याच्या दिवसांत कुणाचाही वर्ख बसतो, माझाही बसेल. पण पूर्वेचा वारा सुटला, हवा कोरडी ठणठणीत झाली, की माणसाच्या श्वासातली ओल लेपापर्यंत पोचेनाशी होते. असल्या दिवसांत गावातले सगळे सोनेवाले बिअर पीत बसायचे.

लीव्हन बसायचा नाही. त्याचा वर्ख कुठल्याही वाऱ्यात बसायचा, आणि त्याचं कारण होतं लसूण.

लसणाचा रस सोन्याला धरतो, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. लाकडावर सोनं चढवणारे तो आधी फासूनच घेतात. लीव्हनने मधली कटकट काढून टाकली. रस काढा, गाळा, फासा, त्यापेक्षा तो लसूण सरळ खायचा. सकाळी कामाला बसण्याआधी अख्खा गड्डा, कच्चा, सफरचंदासारखा. त्यानंतर त्याचा श्वास जिथे पडेल तिथे सोनं बसायचं, आणि बसलं की उठायचं नाही.

एकदा मी काही विनोद केला. काय ते आता आठवत नाही, पण मास्तरांच्या बायकोबद्दल होता. लीव्हन हसला. समोर वर्खाची वही उघडी होती. वरचं पान उडालं, छताला एक फेरी मारली आणि मास्तरांच्या नाकावर जाऊन बसलं. मास्तर म्हणाले, पुसा. पुसलं. निघेना. रविवारी ते तसेच चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला गेले, तर एका आंधळी होत आलेल्या म्हातारीने संत समजून त्यांच्यापुढे मेणबत्ती लावली आणि गुडघ्याचं दुखणं सांगायला सुरुवात केली.

"मग नाकावरचं काढलं कसं, हाइनबुवा?" पाऊवेल्सने विचारलं.

"काढलं नाही. घोटलं. तसंच ठेवायचं तर निदान चमक तरी नीट यावी. उन्हाळ्यात त्यांना सर्दी झाली तेव्हा आपोआप गेलं."

"आणि म्हातारीचा गुडघा?"

"बरा झाला. ते मी सांगत नाही, कारण कुणाला खरं वाटणार नाही."

आता अडचण एकच होती. बार्बेला लसणाचा वास सोसत नव्हता. नुसता आला तरी तिच्या हातातला कुंचला थरथरायचा आणि स्ट्रॉबेरीला शेपूट फुटायचं. म्हणून ती उठायची आणि खिडकी उघडायची. खिडकी उघडली की वारा आत, वारा आला की वर्ख उडणार, म्हणून लीव्हन उठायचा आणि खिडकी लावायचा. दिवसभर हेच.

"उघडी राहू दे. वास मारतोय."

"वर्ख उडेल."

"तू उडालास तरी चालेल मला."

"मी उडालो तर खिडकी लावणार कोण?"

असं चालायचं. पाहणाऱ्याला वाटावं दोघं एकमेकांचा जीव घेणार. मी पाहणारा होतो आणि मला तसंच वाटायचं. म्हणून ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गावभर लोक मुखवटे घालून तळलेलं खात हिंडत होते त्या दुपारी, लीव्हनने खिडकी लावली, तिचा अडसर हातात तसाच धरला आणि बार्बेला लग्नाचं विचारलं, तेव्हा माझ्या हातातला निळा रंग सांडला.

बार्बेने त्याच्याकडे नीट पाहिलं, तेही थोडं मागे सरकून.

"लोक उद्यापासून मांस सोडतील, लोणी सोडतील," ती म्हणाली. "तू लसूण सोड. ईस्टरपर्यंत एक पाकळी तोंडात घालायची नाही. मग ईस्टरला पुन्हा विचार, जवळ येऊन विचार. तेव्हा सांगते."

"आणि मधे एखादी खाल्ली तर?"

"तर विचारायची तसदी घेऊ नको. मला वाऱ्यावरून कळेल."

लीव्हनने शब्द दिला.

इथवर सगळं ठीक होतं. उपासाच्या दिवसांत धुकं पडतं, कालव्यांवरून ओल वर येते, बिनलसणाच्या श्वासावरही वर्ख बसत होता. खिडकी कुणी उघडेना की कुणी लावेना. कारखान्यात इतकी शांतता झाली की रंग वाटताना मला माझा दगड ऐकू यायला लागला. ती शांतता मला आवडली नाही.

मग ती पोथी आली. एका मोठ्या घरातल्या बाईंनी लेकीच्या लग्नासाठी सांगितलेली. ईस्टर झाला की लग्न, म्हणजे ईस्टरला पोथी हातात हवी. देवदूत मारियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगतो ते चित्र त्यात होतं, आणि बाईंना त्या चित्रामागे हल्ली काढतात तसली शेतं, नदी, लांबवर किल्ला, असलं काही नको होतं. त्यांच्या आजीच्या पोथीत होतं तसं सोन्याचं आभाळ हवं होतं, पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चित्र झालं, वेलबुट्टी झाली, आभाळाचा लेप वाळला, आणि त्याच रात्री वारा फिरला. पूर्वेचा. कोरडा. इतका कोरडा की कालव्यातली बदकं पायी चालायला लागली.

लीव्हनने नळी ओठांत धरली आणि श्वास सोडला. उपास करणाऱ्या साध्या माणसाचा श्वास तो, त्यात खारवलेल्या हेरिंग माशाशिवाय काही नव्हतं. वर्ख ठेवला. वर्ख घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला, आणि जमिनीवर जाऊन पडला तो तिथेही चिकटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पानाखाली गरम पाण्याचं भांडं धरून पाहिलं. ही चूक होती. ते पान म्हणजे वासराचं कातडं. ओल आणि ऊब एकदम मिळाली की त्याला पूर्वीचं सगळं आठवतं. पान आधी कडेने वळलं, मग मधे फुगलं, मग चार कोपऱ्यांवर उभं राहिलं आणि टेबलाच्या टोकाला जाऊन हंबरलं. मी बाहेरून मूठभर गवत आणलं, पुढे धरलं, हळूहळू मागे आणलं आणि वर फळी ठेवून झोपवलं. आभाळाचा लेप तेवढा वाचला.

"हंबरलं?" मायकेनचा जावई म्हणाला.

"हळू. फार नाही. लहान होतं."

मास्तरांनी मग लीव्हनला समोर उभं केलं. मास्तर ओरडणारे नव्हते. ते हळू बोलायचे, आणि हळू बोलले की आम्ही जास्त घाबरायचो.

"बाजारात जा," ते म्हणाले. "लसणाचा गड्डा घे, खा, आणि आभाळ लाव."

"शब्द दिलाय, मास्तर."

"कुणाला? देवाला?"

"नाही."

"देवाला दिला असतास तर सोडवून आणला असता, आपला पाद्री ओळखीचा आहे. मग कुणाला, एखाद्या संताला?"

"बार्बेला."

मास्तरांनी बार्बेकडे पाहिलं. बार्बे मान खाली घालून वाटाण्याच्या शेंगेला हिरवा रंग देत होती. शेंगेतून हिरवा बाहेर जायला लागला तरी देत होती.

"तो मला सोडवता येणार नाही," मास्तर म्हणाले. "तर ऐक. शनिवारी आभाळ नसेल, तर रविवारी तू इथे नसशील. गेंटला माझा मावसभाऊ आहे, सोनेवाला शोधतोय. तो माणूस वाईट नाही. जेवायला नीट घालतो. पण तिथून इथे कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही."

लीव्हनने मान हलवली आणि जागेवर येऊन हत्यारं आवरायला लागला. कुत्र्याचा सुळा पुसला, कापडात गुंडाळला. बोरूची नळी पुसली. वारा फिरायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता आणि लसूण खाण्यात तर नव्हताच. खाल्ली असती तर गेंटला जायचं टळलं असतं, पण मग इथे राहायचं कशासाठी. मी त्याला म्हटलं, अरे, एकच पाकळी खा, मी बार्बेच्या आणि तुझ्या मधे बसतो, वास माझ्यावर ढकल. तर तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "हाइन, तुझ्यावर आणखी किती ढकलणार?" ह्याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही.

त्या संध्याकाळी बार्बेने काढलेलं पान मी पाहिलं. सरदार नेहमीसारखा हरलेला नव्हता. भाला बाजूला ठेवून तो गोगलगायीसमोर बसला होता, आणि दोघं काहीतरी ठरवत होते.

शनिवारी सकाळी आम्ही कामाला आलो. वारा तसाच. बार्बे आली नव्हती. लीव्हनची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. तेवढ्यात रस्त्यावरून वास आला. आधी वास आला, पुष्कळ वेळ गेला, आणि मग बार्बे आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि नाकातून पाणी वाहत होतं. बाजारात लसूण वेणीसारखी गुंफून टांगतात ना, तसली अख्खी वेणी ती खाऊन आली होती. दोर तेवढा हातात होता.

तिने आत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर खिडकी लावली. स्वतः लावली, अडसर घातला.

"काय खाल्लंस तू हे?" लीव्हन म्हणाला.

"नळी दे."

"तुला सोसत नाही, बार्बे."

"म्हणून लवकर दे. फार वेळ आत ठेवता येणार नाही मला ते."

तिने नळी घेतली आणि पानावर वाकून श्वास सोडला. आता बघा, लीव्हनच्या लसणाला सवय झालेली होती, त्याच्या पोटात ती घरच्यासारखी राहायची. बार्बेच्या पोटात ती पहिल्यांदाच गेली होती आणि चिडलेली होती. तो श्वास पडला तसा लेप घामाने डबडबला. लीव्हनने वर्खाचं पहिलं पान उचललं, दुसरं उचलायची गरज पडली नाही. ती आपणहून निघाली. एकामागून एक, ओळीने, मेंढरं फाटकातून शिरतात तशी वहीतून निघून आभाळात जाऊन बसायला लागली. लीव्हन नुसता कडा नीट करत होता. आभाळ भरलं. बार्बेला खोकला आला, तेव्हा उरलेली पानं मास्तरांच्या चष्म्यावर गेली, आणि त्यांनी उरलेला दिवस सगळं फार सुंदर आहे असं म्हणत काढला. एक पान मांजरावर बसलं. ते मांजर पुढे एका मठाने मागून नेलं.

"पण लीव्हनला तिचा वास नाही आला?" पाऊवेल्सने विचारलं.

"आला की. सगळा उपासकाळ तो त्या वासाला मुकलेला होता. त्याला वाटलं, ईस्टर एक दिवस आधीच आला."

"आणि शब्द?"

"शब्द त्याने पाळला. खाल्ली तिने. त्याने फक्त वर्ख ठेवला."

पिशवी पुन्हा सोडली. पोथी वेळेत गेली. ईस्टरला चर्चच्या घंटा वाजत असताना लीव्हनने तिला पुन्हा विचारलं, तिच्या अटीप्रमाणे जवळ येऊन विचारलं. तिने हो म्हटलं आणि त्याने तिचं चुंबन घेतलं. पण शनिवारची लसूण रविवारी जात नसते. लीव्हनच्या मिशीत कामावरचा वर्खाचा चुरा राहिला होता. ओठ टेकले तसे चिकटले. दोघं तशीच उभी. घंटा थांबल्या, मिस सुरू झाली, मिस संपली, लोक बाहेर आले, दोघं तशीच. शेवटी कुणीतरी मला बोलावलं. मी कुत्र्याचा सुळा घेतला आणि कोपऱ्यापासून हळूहळू सोडवत आणलं, पान सोडवावं तसं. फाटलं कुठे नाही. पण सुळा लागला तिथे सोनं घोटलं गेलं, आणि घोटलेलं सोनं जात नाही. तिच्या खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, तो ठिपका अजून आहे. आग मोठी असली की दिसतो. खुशाल बघा, तिला ऐकू येत नाही, वाईट वाटायचं कारण नाही.

सगळ्यांनी बघितलं. पाऊवेल्स तर उठून उभा राहिला.

बार्बेने चाती थांबवली नाही.

"त्या शनिवारी पाऊस पडला, हाइन," ती म्हणाली. "तेवढंच झालं. पाऊस पडला, हवेला ओल आली आणि लीव्हनने आभाळ लावलं. आणि त्याने जन्मात लसूण खाल्ली नाही, त्याच्या पोटाला ती चालायची नाही. लसूण तू खायचास. आमच्या दोघांच्या मागे बसून, दिवसभर. खिडकी मी तुझ्यामुळे उघडायचे. तो लावायला उठायचा, आणि उठला की माझ्याशी दोन शब्द बोलायचा. पुढे पुढे तू आजारी पडून घरी राहिलास तरी मी उघडायचे." तिने सूत गुंडाळून घेतलं. "आणि ऐकू मला चांगलं येतं. वर बघितलं की तू शेजारी येऊन बसतोस, म्हणून बघत नाही."